किनारा सुरक्षित आहे

‘पोहण्यासाठी हा किनारा सुरक्षित आहे.’ हे वाक्य मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात लिहिलं. शेवटी बारीक आकडा घातला आणि पानाच्या तळाशी त्या आकड्यासमोर एका छापील पुस्तिकेचं नाव टाकलं, पान क्रमांकासकट. वर्षभर त्या वाक्याला कुणी हात लावला नाही. नव्याने शिकलेल्या नियमांवर मिळवलेला तो माझा पहिला विजय होता, आणि मी तो मैत्रिणींना दाखवत फिरले होते.

किनारा आमच्या गावचा. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की लागतो. गावाचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात गावाचा काही दोष नाही. वडिलांचा जन्म मच्छीमारीत गेला. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून होडी चुलतभावाकडे दिली आहे, आणि वडील पुळणीवर सुरूच्या सावलीत वाळूत पाय पसरून जाळी तुणत बसतात. मी शहरातल्या एका शाळेत लिपिक आहे. आईच्या माघारी घरात आम्ही दोघंच.

इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, हे मला शाळेतल्या एका कार्यशाळेत कळलं. घरी येऊन शोधलं तर भाट्यावर पान होतं, हेदवीच्या गणपतीवर होतं, हातखंब्याच्या तिठ्यावरसुद्धा चार ओळी होत्या. आमच्या गावावर अक्षर नाही. मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी कामाला लागते. तीन संध्याकाळी वडिलांना विचारत विचारत मी पान लिहून काढलं. त्यात सगळ्यात जीव ओतला होता तो पुळण चालण्याच्या रिवाजावर. पावसाळ्यात समुद्र वाळू इकडची तिकडे करतो, त्यामुळे पाणी कुठून बाहेर ओढ घेणार ती जागा दरवर्षी बदलते. नारळी पौर्णिमा झाली की पहिल्या मोठ्या ओहोटीला, आमच्याकडे सुकती म्हणतात तिला, जुनी माणसं पुळण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, पायांनी वाळू चाचपतात आणि ओढीच्या जागेसमोर फडकं बांधलेला बांबू रोवतात. वर्षभर तिथे कुणी पाण्यात उतरत नाही.

पान चढवलं आणि चहा टाकायला उठले. परत येईपर्यंत अर्धं पान गायब. खाली एका जुन्या संपादकाचा निरोप होता: ‘आपले स्वागत आहे. कृपया प्रकाशित स्रोत द्यावा. गावकऱ्यांकडून ऐकलेली माहिती हे मूळ संशोधन ठरते, ते येथे चालत नाही.’ या संपादकाला मी मनात गुरुजी म्हणायला लागले. पुरुष की बाई, पुण्यातले की परदेशातले, आजतागायत मला माहीत नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ असायचं आणि प्रत्येक ‘कृपया’ मला झोंबायचं. त्यांनी पानाच्या डोक्यावर पाटी लावली: सात दिवसांत तीन विश्वासार्ह संदर्भ न मिळाल्यास पान वगळण्यात येईल.

मग मी नियम वाचायला बसले. नियमांना पोटनियम, पोटनियमांना अपवाद. स्वतःचं मत नको. कौतुक नको. वाचकाला सूचना, सल्ले, उपदेश नकोत, कारण ज्ञानकोश म्हणजे प्रवाशांची मार्गदर्शिका नव्हे. एक जुना सरकारी अहवाल सापडला, त्यात गावचं नाव होतं. वर्तमानपत्राचं एक कात्रण शाळेच्या फायलीत मिळालं. तिसरा संदर्भ मिळेना. सहाव्या दिवशी हातखंब्याला एका हॉटेलच्या गल्ल्यावर कोकणातल्या किनाऱ्यांची एक पुस्तिका दिसली. आमच्या किनाऱ्यावर आठ ओळी होत्या. मी तिथेच उभ्याने वाचल्या, पुस्तिका विकत घेतली आणि घरी येईपर्यंत तिला पोटाशी धरून होते.

त्या आठ ओळींतून मी ‘सुरक्षित’चं वाक्य घेतलं. लिहिताना हात किंचित अडखळला होता, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं, छापलेलं आहे ना, मग झालं. वडिलांचा बांबू आणि रिवाज पानातून गेलाच होता, त्याला कुठे छापील आधार नव्हता. पाटी निघाली. गुरुजींनी लिहिलं, ‘संदर्भ उत्तम जोडलेत. असेच लिहीत राहा.’ मी ते दोनदा वाचलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. ‘सुरक्षित’चं वाक्य मात्र वाचून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षभरात मी पक्की झाले. कुणी एखाद्या देवळाच्या पानावर मामाच्या लॉजचा फोन नंबर घातला की पाच मिनिटांत काढायचे. ‘आमच्या आजोबांनी सांगितलेली आठवण’ असं कुणी लिहिलं की खाली माझा निरोप: ‘कृपया प्रकाशित स्रोत द्यावा.’ ‘कृपया’ लिहिताना मला बरं वाटायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या वाडीच्या विहिरीबद्दल लिहिलेलं सगळं मी उडवलं होतं, आणि त्यांनी परत कधी काही लिहिलं नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. दुपारी बारापर्यंत पाणी पार सुरूंच्या मुळांपाशी येतं आणि मग संध्याकाळपर्यंत एकसारखं मागे जातं. त्या मागे जाण्यातच खरा धोका. तीनच्या सुमाराला मी वडिलांसाठी थर्मासमधून चहा घेऊन गेले, तर ते जाळं मांडीवरून सारून उभे राहिले होते. समोर घाटावरचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि नवऱ्याची बहीण. नवरा चाळिशीचा, शर्ट काढून पाण्याकडे निघालेला, नेमका बांबू रोवलेल्या जागेकडे.

“साहेब, तितं नका जाव,” वडील म्हणाले. “सुकती लागलीय. पानी भायर खेचतंय.”

माणूस सभ्य होता. थांबला, हसला, बायकोच्या हातातला मोबाईल घेऊन वडिलांपुढे धरला. “काका, काळजी करू नका. हे बघा की, नेटवर लिहिलंय.” आणि त्याने मोठ्याने वाचलं, “‘पोहण्यासाठी हा किनारा सुरक्षित आहे.’ खाली पुस्तकाचं नाव पण दिलंय.”

वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. त्यांनी त्या उजळलेल्या काचेकडे नुसतं बघितलं. “कोन लिवतंय ह्या?” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, असंच.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर कपात चहा ओतत होते. तोंड उघडून ‘मी’ म्हणायचं होतं, एवढंच. मी चहा ओतत राहिले.

तो गेला. गुडघाभर पाण्यात वळून त्याने बायकोला हात केला. मग कंबरभर. मग त्याचे पाय सुटले. ओरडला वगैरे नाही. त्याचा चेहरा आमच्याकडेच होता आणि तो लहान होत चालला होता. बायकोला आधी कळलंच नाही, ती फोटो काढत होती.

“आडवा पोव!” वडील ओरडले. “हिकडं येव नको, आडवा पोव, आडवा!” किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झगडलं की माणूस दमतो आणि जातो. आडवं पोहलं की ओढीच्या बाहेर पडता येतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्याला कुठून ठाऊक असणार? वडील ते गुडघे घेऊन धावले. चुलतभाऊ होडीपाशीच होता. दोघांनी होडी ढकलली, लाटेने ती परत फेकली, वडिलांचा खांदा काठावर आपटला, त्यांनी परत ढकलली. मी वाळूवर उभी होते. मला ना होडी हाकता येते, ना धड पोहता येतं.

आणला त्याला. वाळूवर पालथा घातला तेव्हा बराच वेळ त्याच्या तोंडातून पाणी येत होतं. बायको त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती आणि रडत होती. तासाभराने उठून त्याने वडिलांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “तिथं लिहिलं होतं हो काका.” आरोप नव्हता त्यात. त्याला खरंच समजत नव्हतं, लिहिलेलं असताना असं कसं झालं.

घरी जाऊन मी पहिल्यांदा ते वाक्य उडवलं आणि त्या जागी लिहिलं की ओहोटीच्या वेळी या किनाऱ्यावर पोहणं धोक्याचं आहे, ओढीची जागा दरवर्षी बदलते. वडील आतल्या खोलीत खांद्याला तेल चोळून घेत होते, चुलतभाऊ चोळत होता. मला त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं.

सकाळी जुनं वाक्य परत जागेवर. गुरुजींची टीप: ‘ससंदर्भ मजकूर काढून संदर्भहीन मजकूर जोडला गेला. पूर्ववत केले.’

अगदी हेच, याच शब्दांत, मी त्या विहिरीवाल्या गृहस्थांना लिहिलं होतं.

पुढचे बारा दिवस आमची चर्चापानावर, म्हणजे पानामागे वादासाठी ठेवलेल्या जागेत, जुंपली. मी लिहिलं, इथे माणूस बुडता बुडता वाचला. त्यांनी लिहिलं, ऐकून वाईट वाटले, परंतु वैयक्तिक अनुभव हा स्रोत होत नाही. मी लिहिलं, पुस्तिका चूक आहे. त्यांनी लिहिलं, चूक आहे असे सांगणारा दुसरा प्रकाशित स्रोत कृपया द्यावा. मी लिहिलं, माझे वडील पन्नास वर्षं या पाण्यात आहेत. त्यांनी लिहिलं, ‘दुर्दैवाने आपले वडील प्रकाशित स्रोत नाहीत.’ आणि खाली आणखी एक ओळ: ‘सदर वाक्य संदर्भासह आपणच जोडले होते, हे पानाच्या इतिहासात दिसते.’

मी तो मोबाईल गादीवर फेकला. खरं तर भिंतीवर फेकायचा होता.

शेवटी मी एक गोष्ट केली, जी करू नये हे मला नियमांतूनच ठाऊक झालं होतं. शाळेतल्या एका बाईंचे यजमान स्थानिक वर्तमानपत्राला बातम्या देतात. मी स्वतः दोन परिच्छेदांची बातमी लिहिली, ‘गावातील जाणकारांच्या मते’ अशी सुरुवात करून, आणि त्यांना पाठवली. ती छापून आली की तिचाच संदर्भ देऊन वाक्य बदलायचं, असा बेत. मजकूर खरा होता. पण आपलंच लिहिणं दुसऱ्याच्या दारातून आणून पुरावा म्हणून दाखवायचं, हे मी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नसतं. ते म्हणाले, “छापू की. पण दिवाळी होऊन जाऊ द्या. आता सगळी पानं जाहिरातींची आहेत.”

दिवाळी होईपर्यंत थांबायचं कसं? अमावास्येचं उधाण लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच, आणि सुट्टीच्या गाड्या घाटावरून यायला लागलेल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी ते वाक्य चार वेळा उडवलं. चारही वेळा ते परत आलं, शेवटच्या दोन वेळा गुरुजींनी नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी आणलं. मग एका प्रचालकाने माझं खातं तीन दिवसांसाठी बंद केलं. प्रचालक म्हणजे तिथला अधिकारी, ज्याच्याकडे कुलपं असतात. नेमके तेच तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पुस्तिका शोधून काढली. ती कशी भुक्कड आहे, लेखकाचं नावसुद्धा कसं नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. वडील दाराला तोरण बांधत होते, एकाच हाताने, दुसरा खांद्याच्या वर जात नव्हता. मी पान उघडलं.

‘स्थानिक मच्छीमारांना विचारून, ते दाखवतील त्याच भागात उतरल्यास पोहण्यासाठी हा किनारा सुरक्षित आहे.’

वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाभोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं: ‘सूचना. नको.’ अक्षर माझं.

मी खुर्चीवर बसले. आठवलं मला सगळं. सातव्या दिवसाची घाई होती, नियम नवे होते, आणि ज्ञानकोशात सूचना चालत नाहीत हा नियम तर मला विशेष आवडला होता, कारण तो पाळणं सोपं होतं. पुस्तिकेच्या बिचाऱ्या लेखकाने सगळं बरोबर लिहिलं होतं. त्यात माझे वडील होते. मी त्यांना पेन्सिलीने बाहेर काढलं आणि उरलेल्या अर्ध्या वाक्याला त्याच पुस्तिकेचा पुरावा चिकटवला. बारा दिवस मी गुरुजींशी भांडले, पुस्तिकेला खोटं म्हटलं, आणि या सगळ्यात पुस्तिका उघडून बघायचं मला एकदाही सुचलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

खातं बंद असलं तरी स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं. तिथे मी लिहिलं: चूक माझी आहे. स्रोतातलं वाक्य मी अर्धं वगळून घेतलं, त्यामुळे अर्थ उलटा झाला. पानाचा फोटो जोडत आहे. कृपया ते वाक्य आत्ता, लगेच काढा, आज दुपारी इथे माणसं पाण्यात उतरणार आहेत. या वेळी ‘कृपया’ हा शब्द मी मनापासून लिहिला. तासभर बघत बसले. उत्तर नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोण बसतंय संगणकासमोर?

एक वाजला तशी मी पुळणीवर गेले. पाणी नुकतंच मागे फिरलं होतं. वडील जागेवर होते. त्यांना काही सांगितलं नाही, नुसती त्यांच्यापासून थोडी पुढे जाऊन उभी राहिले. अडीचच्या सुमाराला एक मोठी गाडी आली, त्यातून आठ-दहा जणं उतरली. एका ऑफिसातली मंडळी असावीत. सगळ्यांच्या पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या, ओढणी कमरेला खोचून तयार.

“इथे उतरू नका,” मी म्हटलं. “पाण्याला ओढ आहे.”

“अहो, आम्ही बघून आलोय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल काढला. आता हे होणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी माझं वाक्य मला वाचून दाखवलं.

“ते मी लिहिलंय,” मी म्हटलं. “चुकीचं लिहिलंय.”

त्या हसल्या. बाकीचेही हसले. मी माझा मोबाईल काढला, पानाचा इतिहास उघडला, वर्षापूर्वीची माझी नोंद दाखवली, माझं खातं दाखवलं. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “पण इथे तर तुम्हाला लिहायला बंदी घातलीय असं दिसतंय!”

“हो,” मी म्हटलं. “तरी मी खरं सांगतेय.” माझा आवाज चढला होता. मागे दोघं तिघं पाण्याकडे चालायलाही लागले होते. “माझ्या या वाक्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी इथे एक माणूस जवळजवळ गेला. माझ्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, त्याने त्यांचं ऐकलं नाही. माझं ऐकलं.”

हे बोलल्यावर मला कळलं की वडील माझ्या मागेच उभे आहेत.

ते बाईंकडे वळून म्हणाले, “माजी लेक हाय. शिकलेली हाय. चुकलाय तिचा.” आणि हात वर करून, न दुखणारा हात, त्या पुढे गेलेल्या माणसांना ओरडले, “ओ पावनं! मागं या! मी दावतंय कुटं उतरायचा ता!”

मंडळी त्यांच्या मागोमाग गेली. दुसऱ्या टोकाला, खडकाच्या अलीकडे, त्यांनी सगळ्यांना गुडघाभर पाण्यात खेळू दिलं आणि स्वतः पाण्यात उभे राहिले, ऊन उतरेपर्यंत. मी वाळूवर उभी होते.

दिवेलागणीला घरी येऊन बघितलं तर वाक्य गेलं होतं. गुरुजींनी पानावर पुस्तिकेतलं पूर्ण वाक्य घातलं होतं, पहिल्या अर्ध्या भागासकट. माझ्या चर्चापानावर लिहिलं होतं, ‘मीही स्रोत पडताळायला हवा होता. क्षमस्व.’ मी ते वाक्य वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं, स्थानिक मच्छीमारांना विचारून, इथपासून शेवटपर्यंत.

“आमाला इचारून?” ते म्हणाले.

“हो.”

“आनि ता तू काडलंस.”

“हो, बाबा.”

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खांदा धरून पडवीत बसले. “बाय,” ते म्हणाले, “पुळन चालनारे आमी सात जन व्हतो. आता दोगं हाव. तुजा चुलतभाव होडी हाकतो, पन वाळू त्याला कळत नाय. उद्या मी नसलो, नि लोक ता वाचून आले, तर इचारतील कोनाला?”

या वर्षभरात मी त्यांच्याकडून माहिती घेतली होती, लिहून काढली होती, उडवली होती, परत मागितली होती. शिकले नव्हते.

“मला पाणी कळत नाही, बाबा,” मी म्हटलं.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “सकाळी साडेसहाला पुरी सुकती हाय. चपला घालू नको.”